हिरवा दिवा लावला की मासे हजर?

रात्री गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, जाणाऱ्यांमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा मजकूर थोडक्यात असा: "हिरवा एलईडीच घ्या, माशांना हिरवा रंग सर्वात जास्त आवडतो. जितके ल्युमेन जास्त तितके मासे जास्त. दिवा पाण्याखालीच हवा, वरचा उजेड फुकट जातो. लाल उजेड माशांना दिसतच नाही. पाच मिनिटांत मासे गोळा होतात. महागडा दिवा परवडत नसेल तर घरचाच बल्ब बरणीत सीलबंद करून पाण्यात सोडा." यातलं एखादं वाक्य अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्याच्या जोरावर बाकीचं सगळं खपतंय.

आधी ही "आवड" बघू. दिव्याभोवतीच्या पाण्याकडे नीट पाहिलं तर सुरुवातीला मासा दिसतच नाही. धुळीसारखे बारीक कण झोतात गरगरताना दिसतात. ते प्राणीप्लवक, म्हणजे नजरेला जेमतेम दिसणारे जीव. उजेडाकडे ओढले जातात ते मुख्यतः हे. त्यांच्या मागे बोटाएवढे मासे येतात आणि त्यांच्या मागावर मोठे. काही लहान मासे नुसत्या उजेडाकडेही वळतात, पण ज्याच्यासाठी आपण जागतो तो मोठा मासा बहुतेक वेळा खाण्यासाठी येतो. तोही झोताच्या मधोमध क्वचितच शिरतो. उजेड संपून अंधार सुरू होतो त्या कडेला, सावलीच्या बाजूने तो दबा धरून असतो. म्हणून गळ उजेडाच्या गोलात टाकून बसण्यापेक्षा आमिष उजेडातून सावलीकडे जाईल असं ओढून बघा.

मग हिरवाच का? कारण शेवाळी, हिरवट पाण्यात हिरवा उजेड सर्वात लांब जातो. उथळ किनारा, खाडी, तलाव यांचं पाणी बऱ्याचदा असंच असतं, त्यामुळे तिथे मेसेजचा सल्ला चालून जातो. खोल, नितळ समुद्रात मात्र 470 नॅनोमीटर तरंगलांबीच्या (उजेडाचा रंग या मापाने ठरतो) आसपासचा निळा त्याच्याही पुढे जातो. पालापाचोळा कुजून चहाच्या रंगाचं झालेलं पाणी आधी निळा गिळतं, मग हिरवाही. तिथे पिवळसर उजेड बरा. तेव्हा रंग ठरवायचा तो पाणी बघून. त्यासाठी उपकरणही लागत नाही. दिवसा एक पांढरी ताटली दोरीने हळूहळू खाली सोडा. दिसेनाशी होण्याच्या जरा आधी ती ज्या रंगाची वाटेल, साधारण त्याच रंगाला ते पाणी वाट देतं. अशी ताटली सोडून पाण्याची पारदर्शकता मोजण्याची पद्धत अँजेलो सेकी या इटालियन खगोलशास्त्रज्ञाने 1865 साली घालून दिली, ती आजही वापरात आहे.

ल्युमेनचा मुद्दा मला सगळ्यात खटकतो, कारण खोक्यावर तोच आकडा ठळक छापलेला असतो. ल्युमेन हे उजेडाचं माप माणसाच्या डोळ्याच्या हिशोबाने बनलंय. 555 नॅनोमीटरचा, म्हणजे पोपटी हिरव्या रंगाचा, एक वॅट प्रकाश 683 ल्युमेन भरतो. तोच एक वॅट 470 नॅनोमीटरच्या निळ्याचा असेल तर जेमतेम 60 ल्युमेन. ऊर्जा तेवढीच, फरक फक्त आपल्या डोळ्याचा. बऱ्याच सागरी माशांच्या अंधारात पाहणाऱ्या पेशी 500 नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे निळसर हिरव्याला, सर्वाधिक तल्लख असतात. त्यामुळे निळ्या आणि हिरव्या दिव्याची तुलना ल्युमेनवरून करण्यात काही अर्थ नाही.

एकाच रंगाचे दोन दिवे असले तरी "जास्त म्हणजे जास्त मासे" हे गणित बसत नाही. समजा पाणी इतकं गढूळ आहे की दर मीटरला उजेड निम्मा होतो. दिवा दुप्पट ताकदीचा आणला, तर तेवढाच उजेड फार तर एक मीटर पुढे पोचेल. दहापट आणला तरी साडेतीन मीटरसुद्धा नाही. शिवाय उजेड पसरून विरळ होतो तो वेगळाच. बॅटरी मात्र दहापट खाल्ली जाते.

"वरचा उजेड फुकट जातो" म्हणणाऱ्यांनी म्हाकूळ पकडणाऱ्या बोटी आठवाव्यात. त्यांचे प्रचंड मेटल हॅलाइड दिवे डेकच्या वर टांगलेले असतात, आणि म्हाकूळ येऊन थांबतं ते बोटीच्या सावलीत. शांत पाण्यावर सरळ वरून पडलेला उजेड फक्त 2 टक्के परत फिरतो. तिरका, पाण्याला चाटून जाणारा झोत मात्र एक तृतीयांश किंवा त्याहूनही जास्त वाया जातो. म्हणजे दोष दिवा वर असण्याचा नाही, तो तिरका धरण्याचा आहे. पाण्याखालच्या दिव्याचा फायदा आहेच: डोळ्यांवर चकाकी येत नाही आणि किडे तोंडावर येत नाहीत.

लाल दिसत नाही हेही सरसकट खरं नाही. गोल्डफिश आणि त्याच्या कुळातल्या गोड्या पाण्यातल्या माशांना लाल चांगला दिसतो. खोल पाण्यात लाल निरुपयोगी ठरतो, कारण पहिल्या काही मीटरांतच पाणी तो बहुतांशी शोषून घेतं. गाठ मारायला हेडटॉर्चचा मंद लाल उजेड वापरा, पण कारण हे की आपली अंधाराला सरावलेली नजर त्याने फारशी बिघडत नाही.

पाच मिनिटांचं तर सोडूनच द्या. प्लवक जमायला वेळ लागतो. माशाचा डोळा उजेडाला सरावायलाही अर्धा तास सहज जातो. दिवा लावून एका जागी राहू द्या; चालू-बंद केला किंवा झोत फिरवला की मासे बुजतात. पौर्णिमेच्या आसपास तर सगळं पाणीच उजळलेलं असतं, तुमच्या दिव्याचं वेगळेपण उरत नाही. आणि सगळेच मासे उजेडाकडे येतात असंही नाही. समुद्राकडे निघालेली वाम उजेड टाळते, इतकी की तिला धोक्याच्या जागेपासून वळवायला दिवे वापरतात.

बरणीतला बल्ब हा मात्र जिवाशी खेळ आहे. घरच्या विजेची वायर पाण्यात अजिबात सोडू नका. 12 व्होल्टची बॅटरी, तिला फ्यूज, आणि पाण्यासाठीच बनवलेला दिवा, एवढं पुरतं. असे बरेच दिवे पाण्यानेच थंड राहतात, तेव्हा ते काठावर चाचणीसाठी फार वेळ पेटते ठेवू नका, एलईडी जळतात.