आधी मिस्त्री, मग गाडी

गेल्या महिन्याभरात चार जणांनी विचारलं, "सर, दोन लाखांपर्यंत जुनी गाडी घ्यायचीय, कुठली घेऊ?" चौघांनाही मी उलट विचारलं, "तुमचा मिस्त्री कोण?" चौघंही गप्प. एक जण तर म्हणाला, "आधी गाडी तर घेऊ द्या!"

घोळ इथंच आहे. फोनवर तेच तेच सांगून दमलो, म्हणून इथं एकदाच लिहून टाकतो.

मी २०२३ मध्ये २०१२ ची पेट्रोल हॅचबॅक घेतली, १ लाख ८५ हजारांना. (कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की खाली कॉमेंटमध्ये दोन तट पडतील आणि मुद्दा राहील बाजूला.) त्याच वर्षीच्या दिवाळीत आमच्या साडूंनी २ लाख ६० हजारांत एक मोठी डिझेल सेडान उचलली. सनरूफ, लेदरच्या सीटा, दार लावलं की तिजोरी बंद केल्यासारखा आवाज. नवी असताना बारा लाखांच्या वरची गाडी. सासुरवाडीच्या दारात दोन्ही शेजारी लागल्या की मेव्हणे माझ्याकडे बघून नुसते हसायचे.

दीड वर्षात त्या गाडीचा टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) गेला, मग डिझेलचा फवारा मारणारे दोन इंजेक्टर, मग क्लच. क्लच म्हणजे नुसती प्लेट नव्हे, मागचं ड्युअल मास फ्लायव्हील, म्हणजे धक्के झेलणारं जड चाकसुद्धा. गॅरेजवाल्यानं शेवटी ९० हजारांचं एस्टिमेट हातात दिलं तेव्हा साडूंनी मला फोन केला. त्यांचा हिशोब साधा होता: बारा लाखांची गाडी अडीच लाखांत मिळाली. पण जुनी होत गेली की गाडीची किंमत उतरते, पार्टची उतरत नाही. बारा लाखांच्या गाडीचा टर्बो बारा लाखांच्या गाडीच्याच भावानं येतो. त्यात मॉडेल बंद पडलेलं असलं तर पार्टसाठी पुण्या-मुंबईला माणूस पाठवा, नाहीतर भंगारातनं काढलेला बसवा आणि देवाचं नाव घ्या.

मी शहाणा होतो अशातला भाग नाही. माझ्याकडे पैसेच कमी होते, म्हणून गाडी बघायच्या आधी मिस्त्रीकडे गेलो. आमच्या कॉलेजच्या मागं त्यांचं दोन गाड्या मावतील एवढं गॅरेज आहे. त्यांनी तीन मॉडेलांची नावं सांगितली आणि म्हणाले, "सर, यातली घ्या. याचे पार्ट मिरजेत संध्याकाळपर्यंत मिळतात. दुसरी घेतलीत तरी मी नाही म्हणणार नाही, पण मग मी शिकणार तुमच्या गाडीवर."

नावाला एकच असलेल्या दोन गाड्याही पोटातनं वेगळ्या असतात, हे मला त्यांच्याकडे कळलं. जुन्या १.१ लिटरच्या वॅगनआरला टायमिंग बेल्ट (इंजिनाचे वॉल्व्ह पिस्टनच्या तालात उघडझाप करवणारा पट्टा) आहे, २०१० मध्ये वॅगनआरमध्ये आलेल्या के-सिरीज इंजिनाला त्याच कामासाठी चेन. आय-टेनच्या १.१ लिटरच्या इंजिनाला बेल्ट, १.२ च्या 'कप्पा' इंजिनाला चेन. बेल्ट ठरलेल्या किलोमीटरला बदलावाच लागतो. चालत्या गाडीत तुटला तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन वॉल्व्हवर आदळतात आणि अख्खं हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवावं लागतं. विकणारा म्हणतो, "बेल्ट आत्ताच बदललाय." बिल दाखवलं तर बदललाय, नाहीतर बदललेला नाही असं धरून चालायचं. आणि चेन आहे म्हणून निवांत झोपायचंही काम नाही. आधीच्या मालकानं ऑइल वेळेवर बदललं नसेल तर चेन सैल पडते, आणि सकाळच्या पहिल्या स्टार्टला खडखड वाजते.

म्हणून गाडी थंड असतानाच बघायची. पुण्यात एका ठिकाणी सांगितल्या वेळेच्या अर्धा तास आधी पोचलो, तर गाडी चालूच. "दादा, तुमच्यासाठी गरम करून ठेवलीय." मिस्त्रींनी बॉनेटवर हात ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि चहा न घेताच आम्ही निघालो.

दुसऱ्या गाडीचा पेंट आरशासारखा होता. मिस्त्रींनी सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढला. टोकाच्या वीतभर पट्ट्यावर मातकट रेघ. मग सीटखालचे बोल्ट बघितले, तांबूस गंजलेले. आम्ही सांगलीकर, २०१९ चा पूर गळ्यापर्यंत बघितलेला, तरी मला ती रेघ दिसली नसती. पुरात उभी राहिलेली गाडी धुवून पुसून चकाचक करता येते. वायरिंगच्या जोडांत शिरलेलं पाणी मात्र सहा महिन्यांनी बोलायला लागतं, आज हा सेन्सर तर उद्या ती काच. चोर सापडतच नाही.

तिसरी घेतली. दिसायला सगळ्यात गबाळी, डाव्या दाराला चर. पण मालक रिटायर्ड बँकवाले, आणि त्यांच्याकडे पहिल्या सर्व्हिसपासूनची बिलं एका फाइलीत टोचलेली. मीटरवर ८८ हजार किलोमीटर आणि बिलांवरचे आकडेही त्याच चढणीनं वर गेलेले. मीटर मागं फिरवता येतं, दहा वर्षांची बिलं कोण फिरवत बसणार? त्याच वयाच्या ४५ हजार किलोमीटरच्या, कागद नसलेल्या गाडीपेक्षा मला ही बरी वाटली. फार काळ नुसती उभी असलेली गाडी तशीही रबर, बॅटरी आणि ब्रेक खाऊन बसलेली असते.

एवढं बघून घेतली तरी खर्च चुकला नाही. खर्चाची वही समोरच आहे. टायर चारही बदलले, १५,२०० रुपये. (टायरवर चार आकडी नंबर असतो: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. माझ्या जुन्या टायरवर २२१५ होतं, म्हणजे २०१५ चा बाविसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक होती, पण रबर भाकरीसारखं कडक.) बॅटरी ४,२००. क्लच सेट मजुरीसकट ७,५००. लोअर आर्म, बुश आणि पुढचे शॉकअप ९,०००. एसीचा कंडेन्सर आणि गॅस ६,५००. ऑइल, फिल्टर, कूलंट, ब्रेकपॅड मिळून ४,५००. बेरीज ४६,९००, तीही पहिल्या आठ महिन्यांत. म्हणजे गाडी पडली २ लाख ३२ हजारांना. दुसऱ्या वर्षी मात्र ११ हजारांत भागलं. त्यामुळं तुमच्याकडे दोन लाख असतील तर दीड लाखाची गाडी बघा. उरलेले पन्नास हजार जाणारच आहेत, फक्त कुठल्या महिन्यात ते गाडी ठरवते.

कागदांचं थोडक्यात सांगतो. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं. पुढं पाच-पाच वर्षांनी रिन्यू होतं आणि त्यासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते. त्याची फी पूर्वी ६०० रुपये होती, एप्रिल २०२२ पासून ५,००० झाली. वर आपल्या राज्याचा पर्यावरण कर वेगळा. तेव्हा तेरा-चौदा वर्षांची गाडी स्वस्तात मिळत असेल तर विकणारा हाच खर्च तुमच्या गळ्यात घालतोय, हे ध्यानात घेऊन भाव करा. बँकेचा बोजा आरसीवरनं उतरलाय का, ई-चलान किती थकलीत, एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर नवी सुरक्षा नंबरप्लेट बसलीय का, हे टोकन द्यायच्या आधी बघा. आणि दिल्लीची दहा वर्षं भरत आलेली डिझेल गाडी निम्म्या भावात मिळते म्हणून नाचू नका. तिथल्या दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवरच्या निर्बंधांची धास्ती हेच त्या स्वस्ताईचं कारण. तिथल्या आरटीओची एनओसी (ना हरकत), इथला रोड टॅक्स, नवा नंबर आणि एजंटची दक्षिणा धरली की निम्मा भाव पुन्हा पाऊण होतो.

एक नवीन दुखणं पेट्रोलचं. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, आणि २०२३ च्या आधीच्या बहुतेक गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. माझं ॲव्हरेज थोडं उतरलंय. मिस्त्रींनी टाकीकडून येणारा रबरी पाइप खबरदारी म्हणून बदलला, साडेसहाशे रुपये. याच्यावर लोक तावातावानं भांडतात. मी पाइप बदलला आणि गप्प बसलो.

माझ्या गाडीची १५ वर्षं २०२७ मध्ये भरतात. ठेवायची की विकायची ते ठरलेलं नाही. मिस्त्री म्हणतात, ठेवा, तळाचा गंज घासून कोटिंग मारू, तपासणीला काही अडचण नाही. साडूंची सेडान कडुलिंबाखाली उभी आहे, ९० हजार घालायचे की तशीच विकायची, या विचारात. परवा एका विद्यार्थ्याचे वडील माझी गाडी बघायला आले. बॉनेटवर हात ठेवला, सीटबेल्ट ओढून बघितला. भाव १ लाख ३० हजार सांगितला तर घासाघीस करेनात. जाताना फक्त एवढंच म्हणाले, "सर, ती वही मात्र गाडीबरोबर पाहिजे."