‘लो प्रोबॅबिलिटी’वरच्या आक्षेपाला उत्तर

भाऊ, तुमची तक्रार अशी: आईंना चंद्रपूरहून नागपूरला आणलं, धंतोलीत फुप्फुसात रक्ताची गुठळी आहे का हे बघायला व्ही-क्यू स्कॅन (फुप्फुसात हवा आणि रक्त कुठं पोचतं त्याची चित्रं) केला, रिपोर्टात ‘लो प्रोबॅबिलिटी’, म्हणजे गुठळीची शक्यता कमी, असं आलं, तरी डॉक्टरांनी लगेच सीटी अँजिओ (शिरेतून औषध देऊन रक्तवाहिन्यांचा सीटी) सांगितली. म्हणजे रिपोर्ट लिहिणाऱ्यानं अंग काढून घेतलं.

हे मला मान्य नाही. या स्कॅनमध्ये हाताच्या शिरेतून टेक्नेशियम हे किरणोत्सारी द्रव्य लावलेले प्रथिनाचे बारीक कण सोडतात. ते फुप्फुसाच्या केशवाहिन्यांत अडकतात. रक्त पोचत नाही तिथं पडद्यावर खाच दिसते. पण खाच म्हणजे गुठळीच, असं नाही. हवा न पोचणाऱ्या भागाचा रक्तपुरवठा फुप्फुस स्वतःच आखडतं. जुना दमा, टीबीचे व्रण (आपल्याकडे काय कमी आहेत?) यांतही खाचा पडतात. म्हणून हवेचं चित्र शेजारी ठेवून बघायचं. कडेला पाचरीच्या आकाराच्या दोन-तीन मोठ्या खाचा आणि तिथं हवा मात्र व्यवस्थित, असं दिसलं की मी बिनधास्त ‘हाय’ लिहितो. रक्तही नाही, हवाही नाही, तिथं गाडी अडते.

1990 मध्ये प्रसिद्ध झालेला, फुप्फुसातल्या गुठळीच्या निदानावरचा अमेरिकेतला ‘पायोपेड’ अभ्यास बघा. स्कॅन ‘लो’ आणि डॉक्टरांचा संशयही कमी, तर गुठळी निघाली 4 टक्क्यांत. स्कॅन तोच ‘लो’, पण संशय दाट, तर 40 टक्क्यांत! (15 जणांपैकी 6, गट छोटा, पण सोडून देण्याजोगा नाही.) आईंचं खुब्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, एका पोटरीला सूज, हे तुम्हीच लिहिलंय. अशा पेशंटला ‘लो’वर घरी पाठवणारा डॉक्टर मला तरी नको.

‘मग सगळ्यांची थेट सीटीच करा ना!’ बहुतेकांची तीच करतात. पण क्रिएटिनिन वाढलेलं असेल (म्हणजे किडनी नीट चालत नसेल), कॉन्ट्रास्टची, म्हणजे सीटीसाठी शिरेतून देतात त्या औषधाची, ॲलर्जी असेल, बाई गरोदर असेल, तर हा स्कॅन कामी येतो. आणि सीटी म्हणजे काही ब्रह्मवाक्य नव्हे. 2006 च्या दुसऱ्या पायोपेडमध्ये संशय कमी असताना सीटीत दिसलेली गुठळी खरी ठरली 58 टक्क्यांतच.

दोनदा खर्च झाला, हा मुद्दा मात्र सोळा आणे. एक्स-रेमध्ये टीबीचे जुने डाग होते आणि किडनी ठीक होती म्हणता. मग व्ही-क्यूला पाठवायलाच नको होतं. अशा छातीत स्कॅन अर्धवट उत्तर देणार, हे एक्स-रे बघूनच कळतं. भांडायचंच तर आधी कोणती तपासणी करायची हे ज्यांनी ठरवलं, त्यांच्याशी भांडा.

आणि सीटीत काय निघालं, ते लिहिलंच नाही तुम्ही. आईंना रक्त पातळ करायचं औषध सुरू केलंय ना?