झालरीचे पायमोजे

बाळंतविड्यातील झबली, टोपडी, दुपटी आणि लंगोट विकत आणले तरी कोणी नाक मुरडत नाही. पायमोजे मात्र हातचेच लागतात, असा आमच्या घराण्यात दंडक आहे. तो कोणी घातला याची चौकशी करण्यात अर्थ नाही, कारण घालणारी व्यक्ती स्वतः विणत नसणार हे उघड आहे. पूर्वी या दंडकाचे पालन सोपे होते. दोन सुयांवर एक पट्टी विणायची, ती दुमडून शिवायची, घोट्यापाशी साखळीची नाडी ओवायची आणि मोकळे व्हायचे. त्या मोज्याला टाच नसे, डावे-उजवे नसे, आकारही बेताचाच असे, आणि बाळाची त्याबद्दल कधी तक्रार नसे. यंदा मात्र भाचीने डोहाळजेवणाच्या पंगतीतच मोबाइल माझ्यासमोर धरला. पडद्यावर कोणा परदेशी बाळाचे दोन गुबगुबीत पाय होते आणि त्या पायांत, घोट्याभोवती एकावर एक तीन झालरी असलेले मोजे होते. "मावशी, अगदी अस्सेच हवेत हं. तुला काय, टीव्ही बघता बघता होतील."

टीव्ही बघता बघता शेंगा सोलून होतात. मोज्याची टाच वळवून होत नाही.

बाळ एप्रिलच्या अखेरीस येणार होते. त्या दिवसांत पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो आणि मोठी माणसे घरात अंगावर किती कमी कपडे ठेवता येतील याचा विचार करत असतात. परंतु तान्ह्या बाळाच्या तळपायाला 'वारा लागतो', हे तत्त्व आमच्याकडे हवामान खात्याच्या वरचे मानले जाते. त्यामुळे 'लोकर कशाला?' हा प्रश्न मी विचारलाच नाही. विचारला असता तर ताईने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने आणि बाळाच्या होऊ घातलेल्या आजीने, मला लहानपणी मोज्यांअभावी झालेल्या सर्दीची साद्यंत हकीकत पाहुण्यांना ऐकवली असती.

पहिली अडचण सुयांची निघाली. आपल्याकडील विणकामाच्या सुयांचे क्रमांक जुन्या इंग्रजी पद्धतीचे आहेत. आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक. दहा नंबरची सुई सव्वातीन मिलिमीटर जाडीची असते आणि चौदा नंबरची दोन मिलिमीटरची. अमेरिकेत सगळे उलटे चालते. भाचीने पाठवलेल्या व्हिडिओतील बाई हसतमुखाने 'दोन नंबरची सुई घ्या' असे सांगते, तेव्हा तिच्या हातात पावणेतीन मिलिमीटरची सुई असते. आपल्या दुकानात दोन नंबर मागितली, तर सात मिलिमीटरचा सोटा हातात पडतो. त्याच्यावर विणलेल्या मोज्यात बाळाच्या वडिलांचा पाय सहज गेला असता. त्या बाईच्या चेहऱ्यावरील हसू एवढे टिकून का असते, हे मला त्या वेळी कळले: तिला फक्त एकाच देशात विणायचे असते.

रंगाचा प्रश्न कायद्याने सोडवला. छायाचित्रातील मोजे गुलाबी होते. परंतु १९९४ च्या कायद्याने आपल्याकडे गर्भलिंगनिदानावर बंदी आहे, त्यामुळे गुलाबी की निळा हा परदेशी आज्यांचा छळवाद आपल्या वाट्याला येत नाही. पिवळा ठरला. पेठेतील दुकानात गेले. दुकानात लोकर म्हणून जे मिळते ते बहुतेक वेळा अॅक्रिलिक असते आणि मेंढीचा संबंध असलाच तर वेष्टनावरील चित्रापुरता असतो; पण अॅक्रिलिक धुतल्यावर आटत नाही, आणि तान्ह्या बाळाच्या वस्तू दिवसातून किती वेळा धुवाव्या लागतात हे जाणणाऱ्या व्यक्तीला मेंढीबद्दल फार काळ हळहळ वाटत नाही. मी पन्नास ग्रॅमचे दोन गुंडे मागितले. दुकानदाराने एकच पुढे सरकवला आणि म्हणाले, "बाळाच्या मोज्यांना एक पुरतो. उगाच दोन कशाला नेताय?" गिऱ्हाइकाचे पैसे वाचवण्याची ही तळमळ पुण्याबाहेर कोठे पाहायला मिळत नाही. तिचे पुढे काय झाले ते यथावकाश येईलच.

मोजा गोल विणायचा तर सुया चार लागतात. छत्तीस टाके घालायचे, तीन सुयांवर बारा-बारा वाटून द्यायचे आणि चौथ्या सुईने विणत गोल फिरायचे. नवजात बाळाचे पाऊल जेमतेम साडेसात-आठ सेंटीमीटरचे असते, सुया मात्र वीस सेंटीमीटरच्या. त्यामुळे मधोमध मोजा नावाची एक पिवळी अफवा आणि तिच्याभोवती सर्व दिशांना रोखलेली टोके, असे ते दृश्य असते. आमच्या यजमानांनी सोफ्यावरील आपली जागा मुकाट्याने बदलली आणि सुरक्षित अंतरावरून विचारले, "हे बाळाच्या हाती द्यायचं नाहीये ना?"

घोट्यापर्यंतची एक सुलट, एक उलट अशी पट्टी निमूट होते. खरी परीक्षा टाचेची. तेथे छत्तीसपैकी अठरा टाके एका सुईवर थांबवून ठेवायचे आणि उरलेल्या अठरांवर पुढे-मागे विणत एक लहानसा चौकोन करायचा. प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता नुसता उचलायचा. त्यामुळे कडेला साखळीसारखी रेघ उमटते आणि अठरा ओळींनंतर दोन्ही कडांना नऊ-नऊ कड्या मोजता येतात. पुढे याच कड्यांतून टाके उचलून टाच पुन्हा पावलाला जोडायची असते. त्याआधी वळण. मध्य ओलांडून जरा पुढे जायचे, दोन टाक्यांचा एक करायचा, आणखी एक विणायचा आणि सुईवर टाके शिल्लक असतानाच हातातील काम फिरवून परत निघायचे. ओळ अर्ध्यावर टाकून उठणे हे आमच्या विणकामाच्या बाईंनी शाळेत आम्हाला घोर पाप म्हणून शिकवले होते; येथे तेच शास्त्र म्हणून करायचे असते. जेथून परतलो तेथे एक बारीकशी फट दिसते. पुढच्या फेरीत त्या फटीच्या अलीकडचा आणि पलीकडचा टाका एकत्र विणून ती बुजवायची, एक टाका पुढे जायचे, पुन्हा फिरायचे. असे चार-सहा वेळा झाले की तोवर रुमालासारखा सपाट असलेल्या चौकोनाला आपोआप एक खळगा पडतो. त्यात अंगठा घालून पाहावा. तो अचूक बसतो. विणकामात थक्क व्हावे असे क्षण थोडे असतात, हा त्यांपैकी एक आहे.

नेमक्या याच क्षणी दारावरची घंटा वाजते. पार्सलवाला चार आकडी ओटीपी मागतो, आणि मी ओठांतल्या ओठांत 'अकरा, दोनाचा एक, एक साधा' असे घोकत दार उघडते. त्याने तोच आकडा यंत्रात भरला, यंत्राने तो नाकारला, आणि त्याने अतिशय आदराने विचारले, "काकू, घरात दुसरं कोणी आहे का?"

पावलाचा भाग सरळसोट आहे, त्याबद्दल सांगण्यासारखे काही नाही. बोटांपाशी मात्र टाके कमी करत करत दोन सुयांवर आठ-आठ उरतात आणि ते शिवण न दिसता एकमेकांत गुंफायचे असतात. या गुंफणीला लॉर्ड किचनर यांचे नाव आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये घरोघरी सैनिकांसाठी मोजे विणले जात आणि बोटांवर शिवणीची कड आली की बुटात पाय सोलवटत. म्हणून ही बिनशिवणीची युक्ती मोलाची. हे किचनर त्यापूर्वी १९०२ ते १९०९ या काळात हिंदुस्थानचे सरसेनापती होते, आणि व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांच्याशी त्यांचे असे काही बिनसले की १९०५ मध्ये कर्झन यांनाच राजीनामा द्यावा लागला. बंगालची फाळणी करणाऱ्या माणसाबद्दल माझ्या मनात कधी सहानुभूती नव्हती. परंतु 'पुढच्या सुईवरचा सुलट काढा, पुढचा उलट ओवून ठेवा. मागच्या सुईवरचा उलट काढा, पुढचा सुलट ओवून ठेवा' हा जप बारीक पिवळ्या टाक्यांवर, संध्याकाळच्या उजेडात म्हणताना, किचनर यांच्या नावाने चाललेल्या कोणत्याही कामात समोरचा माणूस शेवटी राजीनामा का देतो, याची मला थोडी कल्पना आली.

ताई पाहणीसाठी आली. तिने मोजा हातात घेताच प्रथम उलटा केला. सुलट बाजूला ती काम म्हणतच नाही. आतून एकही दोरा लोंबता कामा नये, कारण तो बाळाच्या बोटाला गुंडाळला गेला तर बोट सुजते आणि बाळ का रडते आहे हे कोणाला कळत नाही. हे तिचे म्हणणे सोळा आणे खरे असल्याने मी वाद घातला नाही. मणी नकोत, गोंडे नकोत, टिकल्या नकोत, कारण बाळाच्या हाती लागेल ते सर्व तोंडात जाते. "आणि ही झालर?" मी आशेने विचारले. "ती राहू दे," ताई म्हणाली, "पोरीची हौस आहे."

झालर क्रोशाने करायची. घोट्यापाशी छत्तीस खांब, म्हणजे क्रोशाचे उभे टाके, पुढच्या फेरीत प्रत्येक खांबावर दोन म्हणजे बहात्तर, त्याच्या पुढच्या फेरीत पुन्हा दुप्पट म्हणजे १४४. फेरीची लांबी इतकी झपाट्याने वाढली की तिला सपाट बसायला जागा उरत नाही आणि ती लाटा मारू लागते. झालरीमागचे सगळे रहस्य एवढेच. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील गणिती दैना तायमिना यांनी १९९७ मध्ये हायपरबोलिक पृष्ठ, म्हणजे असेच कडेला पसरत लाटा मारणारे पृष्ठ, विद्यार्थ्यांना हातात घेऊन पाहता यावे म्हणून ते क्रोशाने विणले, तेही टाके ठरावीक प्रमाणात वाढवत जाऊनच. म्हणजे मी बाळाच्या घोट्याभोवती उच्च भूमिती गुंडाळत होते. हे मी यजमानांना अभिमानाने सांगितले. त्यांनी कागद-पेन्सिल घेतली: एका झालरीचे २५२ खांब, तीन झालरींचे ७५६, दोन मोज्यांचे १५१२. "एवढ्या खांबांत," ते म्हणाले, "सभामंडपासकट देऊळ झालं असतं."

पहिला मोजा पूर्ण होताच घरात जो आनंद होतो तो फसवा असतो, कारण अद्याप काहीच झालेले नसते. एका मोज्याला किंमत नाही. ब्रिटिश म्युझियममध्ये इजिप्तमधील अँटिनूपोलिस येथे कचऱ्याच्या ढिगात सापडलेला, इसवी सन ३०० च्या सुमाराचा, लहान मुलाचा एक लोकरी मोजा आहे. दोन सुयांचे विणकाम तेव्हा नव्हते. तो एकाच सुईने फासे ओवत केलेला आहे. त्याला अंगठा वेगळा आहे, त्यावर रंगीत पट्टे आहेत, आणि ते सारे रंग तांबडा, निळा व पिवळा अशा तीनच वनस्पतिजन्य रंगांतून साधले आहेत, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. अभ्यासकांचे लक्ष रंगांकडे गेले, हे ठीकच आहे. तो मोजा डाव्या पायाचा आहे, हे वाचून मी मात्र एकच विचारले: उजवा झाला होता का? सतराशे वर्षांपूर्वीच्या त्या बाईंनी पहिला मोजा पुरा करून सुई खाली ठेवली असेल आणि पुन्हा उचलली नसेल, तर मला त्यांची बाजू संपूर्ण पटते.

माझा दुसरा मोजा झाला. तो पहिल्याहून किंचित घट्ट होता, पण दोन्ही पाय एका वेळी स्थिर ठेवणारे बाळ अजून जन्माला आलेले नसल्याने हे कोणाच्या ध्यानात येण्याचा संभव नव्हता.

बारशाला मोज्यांचे कौतुक भरपूर झाले. "हातचे? अगं बाई!" असे म्हणून प्रत्येकीने झालरीला हात लावून पाहिला. एक आप्त म्हणाल्या, "विकायला का ठेवत नाही?" त्यांच्या चिरंजीवांनी लगेच मोबाइल काढून असेच मोजे दोनशे रुपयांत घरपोच मिळतात हे दाखवले आणि माझ्या उद्योगधंद्याचा विषय तेथेच मिटला. कौतुक चालू असताना जिच्यासाठी हा सारा खटाटोप, ती पाळण्यात आपल्या कामाला लागली होती. उजव्या पायाचा अंगठा तिने डाव्या मोज्याच्या झालरीत अडकवला आणि पाय असा झटकला की मोजा पाळण्याबाहेर गेला. झालर पकडायला सोयीची असते हा तिचा शोध पूर्णपणे स्वतंत्र होता. पाहुण्यांना हसू आवरेना. मोजा मात्र त्या गर्दीत कोणाच्या पिशवीत, दुपट्यात किंवा पायांखाली गेला तो गेलाच.

दोन दिवसांनी भाचीचा फोन आला. "मावशी, एकच हरवलाय. म्हणजे एकच विणायचाय, अर्धंच काम!" उरलेली लोकर मी स्वयंपाकघरातील काट्यावर ठेवली, बारा ग्रॅम भरली. तीन झालरींसकट मोज्याला ती पुरणार नव्हती. पेठेत गेले. शेड नंबर तोच मिळाला, लॉट नंबर वेगळा. रंगवण्याची पुढची खेप असली की शेड तीच असूनही छटा फिरते, आणि दोन्ही पिवळे शेजारी ठेवल्यावर ते साफ दिसत होते. दुकानदारांनी दोन्ही पाहिले आणि म्हणाले, "तेव्हाच दोन न्यायला हवे होते."

पुढे बाळाचे पाऊल वाढले आणि प्रश्न आपोआप निकालात निघाला, असे मी समजत होते. उरलेला एकुलता मोजा ताईने जपून ठेवला होता, आणि डिसेंबरात थंडी पडल्यावर तिने तो देव्हाऱ्यातील रांगत्या बाळकृष्णाला घातला. भाचीने त्याचा फोटो पाठवला. देव गळ्यापर्यंत मोज्यात आहेत, टाचेच्या खळग्यात त्यांचा दुमडलेला गुडघा नेमका बसला आहे, लोण्याचा गोळा धरलेला हात तिन्ही झालरींतून वर आला आहे, आणि मोजा काढून फेकण्याची त्यांची कोणतीही हालचाल दिसत नाही. फोटोखाली लिहिले होते, "मावशी, याला मॅचिंग टोपडं हवं. झालरीचं."

मी काटा पुन्हा काढला. बारा ग्रॅममध्ये ते बसते.