घडीचं दार बिघडवण्याचे खात्रीशीर उपाय

अभिनंदन! हॉल आणि बाल्कनीमधली जुनी चौकट उखडून तुम्ही तिथे चार पल्ल्यांचं अ‍ॅल्युमिनियमचं फोल्डिंग दार बसवलंत. (सोसायटीची परवानगी घेतली होती का, हे आपण एकमेकांना विचारत नाही.) पल्ले घडी होऊन एका कडेला उभे राहतात, समोर अख्खं आभाळ मोकळं होतं, पाहुणे "वा!" म्हणतात. आता एवढा पैसा ओतलाच आहे, तर हे दार लवकरात लवकर निकालात कसं काढायचं तेही शिकून घ्या.

सुरुवात सोपी आहे. फ्रेमवरची प्लास्टिकची फिल्म अजिबात काढू नका. दार नवं दिसतं, ओरखडे पडत नाहीत, शिवाय दिवाळीला काढायचीच आहे. कुठल्या दिवाळीला, ते ठरवायची घाई नको. दोन उन्हाळे खाल्ले की तिचा गोंद पावडर कोटिंगवर कायमचा मुक्काम ठोकतो. मग थिनर आणा आणि जोर लावून घासा. गोंदाबरोबर रंगाची चमकही जाईल, एका कामात दोन कामं.

केर काढताना तो खालच्या ट्रॅकमध्ये लोटा आणि वरून ओलं फडकं फिरवा. वाळू, केस, कबुतरांची पिसं आणि पाणी यांचा चिखल वाळून चांगला घट्ट बसतो. रोलरचं चाक बहुधा नायलॉनचं असतं. एकाच खड्यावर रोज आपटून त्याला सपाट डाग पडतो आणि दार चालताना टक-टक करायला लागतं. आठवड्यातून एकदा कोरड्या ब्रशने ट्रॅक झाडून व्हॅक्यूमच्या बारीक तोंडाने ओढून घ्यायला पाच मिनिटं लागतात. पण ती पाच मिनिटं मोबाईलची आहेत, ट्रॅकला कशाला द्यायची?

वरच्या ट्रॅककडे तर बघूच नका, तिथे काही नसतंच. म्हणजे दार वरून टांगलेलं असेल तर त्याचं सगळं वजन तिथे असतं, एवढंच. जाड रोलर जिथे, वजन तिथे. दुसऱ्या टोकाला नुसता बारीक गाइड असतो. 1 मिमी जाडीची 1 चौरस मीटर काच अडीच किलो भरते. 80 सेंमी रुंद आणि 2.4 मीटर उंच पल्ल्यात 5 मिमीच्या दोन काचा असल्या, तर नुसती काचच 48 किलोंची झाली. त्याच्या हँडलला ओले टॉवेल आणि भाजीची पिशवी लटकवा. आधीच एवढं पेलतोय, थोडं अजून पेलेल.

दार कुरकुरलं की तेल. कुठलंही तेल. शिलाई मशीनचं, गाडीचं ग्रीस, गंज सोडवायचा स्प्रे, देवघरातलं खोबरेल, जे हाताला लागेल ते. खोबरेल विशेष चांगलं. ते 24 अंशांच्या खाली गोठतं, म्हणजे पुण्याच्या डिसेंबरात सकाळी ट्रॅकमध्ये आपोआप मेण तयार. पेट्रोलियमचं तेल पल्ल्यांच्या कडेच्या काळ्या रबरावर पडू द्या. ते बहुतेक वेळा ईपीडीएम नावाचं कृत्रिम रबर असतं आणि त्याचं खनिज तेलाशी हाडवैर आहे. ते फुगतं, मऊ पडतं, खाचेतून बाहेर लोंबतं. मग लोंबणारं टोक कात्रीने कापून टाका, दार बंद करताना अडकतं ना. गंज सोडवणारा स्प्रे बेअरिंगमध्ये मारलात तर आत भरलेलं ग्रीसही धुऊन निघतं. ट्रॅक आधी साफ करून त्यावर कोरडा सिलिकॉन स्प्रे मारायचा, तोही फडक्यावर घेऊन पातळसा, आणि जास्तीचा पुसून टाकायचा, हे हार्डवेअरच्या दुकानातल्या मुलालाही माहीत असतं. त्याला विचारू नका.

बाल्कनीत टाइल बसवल्यावर अ‍ॅसिडने धुवायला सांगा. बिजागऱ्यांवर चहाच्या रंगाचे डाग पडले की दाराला जुन्या वाड्याचा थाट येतो.

दार काळं घ्या, पश्चिमेकडे बसवा, आणि मे महिन्यात भर दुपारी फटी जुळवून घ्या. 3 मीटरची अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम तापमान 30 अंशांनी वाढलं की 2 मिमी लांबते. मग जानेवारीत फटीतून वारा शीळ घालेल.

उघडताना क्रम पाळायची गरज नाही. आधी हँडलवाला येण्याजाण्याचा पल्ला पूर्ण उघडून शेजारच्या पल्ल्याला लावायचा, मग बाकीच्या पल्ल्यांचे वरचे-खालचे बोल्ट पूर्ण मागे घ्यायचे, मग जोडाशी धरून घडी करायची, हा झाला भित्र्यांचा मार्ग. तुम्ही बोल्ट अर्धा खाली असतानाच ओढा. बोल्टची दांडी पार वाकवता येते, ट्रॅकला खरवडून कायमची रेघ ओढता येते आणि मधल्या बिजागरीचा स्क्रू ढिला होतो. तो स्क्रू साधा लोखंडी असेल तर आणखी बरं. अ‍ॅल्युमिनियमच्या संगतीत आणि खाऱ्या हवेत त्याच्या आजूबाजूला पांढरी भुकटी जमते आणि भोक मोठं होत जातं. अलिबाग-मालवणकडे घर असेल तर 316 स्टेनलेसच्या (खाऱ्या हवेत कमी गंजणाऱ्या पोलादाच्या) स्क्रूच्या नादी लागू नका, महाग असतो.

पल्ला घासायला लागला की एलन की (षटकोनी टोकाची चावी) घ्या आणि दिसेल तो बोल्ट पिळा. आधी ट्रॅक साफ आहे का, बिजागरीचे स्क्रू घट्ट आहेत का, काचेखालचं पॅकिंग सरकलंय का, हे बघण्यात वेळ जातो. पल्ल्याखाली लाकडाची पाचर लावून, लॉकनट ढिला करून, पाव फेरा देऊन, दार लावून फट वरपासून खालपर्यंत सारखी आली का ते बघून मगच नट आवळणारे लोक असतात. असतात बिचारे.

आणि आता खरी गोष्ट. पाणी.

खालच्या ट्रॅकच्या बाहेरच्या अंगाला बारीक झिऱ्या असतात, 5-6 मिमी रुंद. पावसाचं पाणी ट्रॅकमध्ये येणारच, ते तिथून बाहेर जावं म्हणून त्या ठेवलेल्या असतात. रबर कितीही चांगलं असो, ट्रॅक कोरडा राहावा म्हणून दार बनवलेलंच नसतं. ट्रॅक भरावा आणि झिरीतून रिकामा व्हावा, अशी त्याची योजना असते. आता तुमचं काम काय? त्या झिऱ्या बुजवायच्या! बाहेरचा रंग काढताना पुट्टी भरून बुजवा. बाल्कनीचा उतार टाइलने उलटा करून बुजवा. कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं तर राहू द्या, तिलाही संसार आहे. आणि तरीही पाणी आत आलं तर फॅब्रिकेटरच्या, म्हणजे दार बनवून बसवणाऱ्याच्या, माणसाला बोलवा, तो येईल सिलिकॉनची बंदूक घेऊन आणि उरलेल्या सगळ्या झिऱ्या बाहेरून पक्क्या सील करून जाईल. "साहेब, भोकं राहिली होती, तिथून येत होतं." वर बिल! परवाच्या पावसात याच उपचारानंतर आमच्या हॉलमधलं लाकडी फ्लोरिंग फुगून वर आलं, म्हणून तर हा लेख. पाणी भोकातून आत येत नव्हतं हो, भोकातून बाहेर जायचं होतं! आणि वापरलेलं सिलिकॉन तरी कुठलं, तर व्हिनेगरसारखा वास मारणारं स्वस्तातलं, जे अ‍ॅल्युमिनियमला खातं आणि काँक्रीटला नीट चिकटत नाही. न्यूट्रल सिलिकॉन मिळतं बाजारात, थोडं महाग पडतं, आणि तेवढ्यासाठी माणसाचा हात आखडतो.

बरं, उंबरा? "पायाला लागतो, फोटोत दिसतो, सपाट करा." केला सपाट. ताशी 47 किमीचा वारा समोरून आदळला की सुमारे 100 पास्कल दाब पडतो, आणि 100 पास्कल म्हणजे 10 मिमी पाणी. म्हणजे ट्रॅकमधलं पाणी त्या वाऱ्याने 10 मिमी वर ढकललं जातं. ट्रॅकचा आतला काठ 8 मिमीचा असेल तर ते कुठे जाणार, वरच्या मजल्यावर? हॉलमध्येच येणार! मुंबईच्या जुलैत असा वारा म्हणजे काही चक्रीवादळ नव्हे.

हे असं लिहायचा कंटाळा आला. सरळ सांगतो. सपाट उंबरा हवा असेल तर बाल्कनीची फरशी हॉलपेक्षा 40-50 मिमी खाली घ्या, मीटरला 10 मिमी उतार बाहेरच्या बाजूला द्या, दारासमोर जाळीची नाली करा, वर छज्जा ठेवा. यातलं काही जमणार नसेल तर गपचूप उंबरा ठेवा आणि त्याला ठेचकाळायची सवय करून घ्या. कारपेट एरिया मोजताना इंच-इंच भांडता आणि दार घेताना फक्त रंग विचारता? ट्रॅकचा छेद दाखवा, पाणी कुठून जाणार ते दाखवा, एवढं विचारायला काय जातं? आणि फॅब्रिकेटरसाहेब, तुम्हाला हे ठाऊक नाही असं नाही. ठाऊक असून पोराच्या हातात बंदूक देऊन पाठवता.

समुद्राजवळ असाल तर दर तीन महिन्यांनी, नाहीतर सहा महिन्यांनी, सौम्य साबणाच्या कोमट पाण्याने फ्रेम धुवा. तारेची घासणी नको, प्रेशरचा पाइप नको. मे संपायच्या आत प्रत्येक झिरीतून प्लास्टिकची केबल टाय फिरवा. स्क्रूड्रायव्हर नाही, कोटिंग उडतं. मग ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी हळू ओता आणि बाहेर जाऊन बघा. मिनिटाभरात झिऱ्यांतून निघालं नाही तर दुरुस्तीला माणूस बोलवा, आणि तो सिलिकॉनची बंदूक घेऊन आला तर जिन्यातूनच परत पाठवा.