इओसीनच्या मगरी आणि सोलापूरचा मे महिना

सोलापुरात पारा 43च्या वर गेला की एक मेसेज हटकून फिरायला लागतो: '5 कोटी वर्षांपूर्वी, इओसीन काळात, पृथ्वी आजच्यापेक्षा दहा अंशांनी गरम होती. उत्तर ध्रुवाजवळ मगरी होत्या, सोलापूरच्या जागी घनदाट जंगल होतं. तरी जीवसृष्टी बहरली आणि पृथ्वी पुढे आपोआप थंडही झाली. आपल्याला तर उन्हाची सवयच आहे. तापमानवाढीची भीती खोटी.' चांगली शिकलेली माणसं तो पुढे पाठवतात, म्हणून उत्तर द्यायलाच हवं.

मगरींचं खरं आहे. कॅनडाच्या एल्समेअर बेटावर, उत्तर ध्रुववृत्ताच्या बऱ्याच आत, मगरींच्या कुळातल्या प्राण्यांचे आणि कासवांचे जीवाश्म मिळालेत. पृथ्वी तेव्हा खरोखर तितकी गरम होती. इथपर्यंत वाद नाही.

जंगलाला मात्र पुरावा नाही. आपल्या पायाखालचा काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, म्हणजे इओसीनच्या कितीतरी आधीचा. इओसीन काळातला खडकच इथे नाही, तर जीवाश्म कुठून येणार? ते जंगल शोधायचं तर सुरत जिल्ह्यातल्या वस्तानच्या लिग्नाइट (तपकिरी कोळसा) खाणीकडे जावं लागतं. तिथल्या राळेच्या खड्यांत त्या वेळचे कीटक अडकलेले सापडलेत, खाणीत वटवाघळांचे जीवाश्मही मिळालेत. शिवाय भारत तेव्हा विषुववृत्ताजवळ होता, म्हणजे 'सोलापूरची जागा'ही आजची नव्हती.

'जीवसृष्टी बहरली' हे अर्धंच सांगणं झालं. इओसीनच्या तोंडावर, 5 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी, काही हजार वर्षांत तापमान 5-6 अंशांनी चढलं. खोल समुद्राच्या तळावरच्या फोरॅमिनिफेरा या सूक्ष्मजीवांच्या 30 ते 50 टक्के जाती कायमच्या संपल्या. अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये आद्य घोडा जवळपास एक तृतीयांशाने लहान झालेला दिसतो. तेव्हा हवेत कार्बन ज्या वेगाने मिसळला, त्याच्या सुमारे दहापट वेगाने आज आपण तो सोडतोय. तगलेले बरेच प्राणी उत्तरेकडे सरकले, त्यांना वाट मोकळी होती. सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यातल्या माळढोक पक्ष्याने कुठे सरकायचं? माळ संपला की शेतं, रस्ते आणि विजेच्या तारा.

सगळ्यात खटकतं ते 'आपोआप थंड झाली'. ही थंड होण्याची क्रिया आपल्याच रानात बघायला मिळते. नव्याने खोदलेल्या विहिरीच्या काठावरून आत बघा: वर काळी माती, खाली तपकिरी मुरूम, मुरमात कांद्यासारखे पापुद्रे सुटणारे गोल धोंडे, आणि तळाला अखंड पाषाण. पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं आणि हा पाषाण झिजवत राहतं. सुटलेलं कॅल्शियम सीना-भीमेतून समुद्रात जातं, तिथे त्याचा चुनखडक होतो आणि हवेतला कार्बन दगडात बंद होतो. आपली काळी माती याच झिजेतून तयार झाली. पृथ्वीला थंड करणारी ही क्रिया आजही चालू आहे, पण तिचा वेग बघा. त्या एका तापमानवाढीतून सावरायला पृथ्वीला लाख-दोन लाख वर्षं लागली. अंटार्क्टिकावर मोठे हिमथर साठले ते सुमारे 3 कोटी 40 लाख वर्षांपूर्वी, इओसीन संपता संपता. आणि माणूस ही जात आहे जेमतेम 3 लाख वर्षांची. नातवंडांच्या हयातीत बेसॉल्ट काही आपल्याला सोडवायला येणार नाही.

राहिली सवय. अंग थंड होतं ते घाम वाळल्यामुळे. हवा गरम आणि दमट झाली की घाम वाळत नाही, आणि एका मर्यादेपलीकडे धडधाकट माणूसही सावलीत बसून तगत नाही. पत्र्याच्या शेडमध्ये यंत्रमाग चालवणाऱ्याला आणि पत्र्याच्याच घरात विड्या वळणाऱ्या मावशींना सवयीचे दाखले देऊ नका. त्यांना दुपारची सुट्टी हवी, प्यायला गार पाणी हवं आणि छपराला पांढरा रंग हवा, तोही येत्या मार्चच्या आत.