पन्नाशी ओलांडलीत? आता सल्ले गोळा करा

अभिनंदन! पन्नाशी ओलांडूनही तुम्ही नोकरीत आहात, म्हणजे कुणाची तरी खुर्ची अडवून बसला आहात. मला हे मागच्या सोमवारी कळलं. अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात २६ वर्षं घासल्यावर एचआरच्या बाईंनी बोलावलं. माझ्या मुलीच्या वयाच्या. "सर, टीम यंग करायचीये," म्हणाल्या आणि छापील राजीनामा पुढे सरकवला. चहाही मागवला होता, बिस्किटांसकट. तुमच्यावर ही वेळ आली तर काय करायचं, हे आता मी अनुभवाने सांगू शकतो.

पहिलं म्हणजे केस काळे करा.

मग नातेवाइकांना विचारा. मेव्हणा म्हणाला, "दाजी, मिसळीचं टाका." नाशकात खाणाऱ्यांपेक्षा मिसळ विकणारेच जास्त झालेत, हे त्याला कोण सांगणार? "नाहीतर कुंभात पार्किंग चालवा."

राज्यघटनाही उघडा. भेदभाव करू नका म्हणणाऱ्या कलम १५ मध्ये धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान सगळं सापडेल. वय शोधत बसू नका. अमेरिकेत १९६७ पासून चाळिशीपुढच्यांसाठी वेगळा कायदा आहे. तेव्हा पुढच्या जन्मी तिकडे.

यानंतर सरकारी मदत मागा. कचेरीचं नाव घेत नाही. पहिल्या खेपेला साहेब मीटिंगमध्ये, दुसऱ्या खेपेला मुंबईला. तिसऱ्या खेपेला भेटले, माझं ओळखपत्र उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाले, "सीनियर ऑफिसर? मग तुम्ही कामगार नाही. आमच्याकडे येत नाही हे." संपलं! आता हे ऑफिसरपद मला कसं मिळालं ते ऐका. २०१२ साली पगारवाढ मागितली, तर पगाराऐवजी हुद्दा दिला. घरी पेढे आणले होते मी, गाढवासारखे. काम तेच. सकाळी सातला मायक्रोमीटर हातात घ्यायचा आणि शिफ्ट संपेपर्यंत जॉब, म्हणजे मशीनवरून उतरलेले सुटे भाग, मोजायचे. हाताखाली एक माणूस नाही. कुणाची रजा मंजूर करायचा अधिकार नाही, स्वतःचीच रजा दोन दोन वेळा मागायची. फक्त शर्टाचा रंग बदलला, आणि त्या रंगापायी मी कायद्याच्या बाहेर? अहो साहेब, हुद्दा नाही, माणूस प्रत्यक्ष काय काम करतो ते बघायचं असतं, असं कोर्टांनी किती वेळा सांगितलंय! तुम्ही ओळखपत्र वाचलंत. माझे हात बघितलेत का? पण नाही, साहेबांची जेवायची वेळ झाली होती.

युनियनकडेही जाऊन या. तिथे विचारतात, शेवटची वर्गणी कधी भरली होती?

आणि हो, "वय हा फक्त आकडा आहे" हे सकाळी सकाळी ग्रुपवर टाकायला विसरू नका.

जाऊ द्या, पुरे झाली थट्टा. सही कसली करता त्या कागदावर? वाचता तरी का? त्यात "स्वखुशीने" असा शब्द असतो. स्वखुशीने गेलात की ती कामगार कपात ठरत नाही. कपात नाही म्हणून नोटीस नाही, वर्षामागे १५ दिवसांच्या पगाराची भरपाई नाही, आणि शेवटी आलेल्याला आधी काढायचं हा नियमही तुमच्यापुरता संपला. वर ऐटीत सांगतात, आज सही केलीत तर ग्रॅच्युइटी लगेच सोडू. सोडू म्हणजे? पाच वर्षं भरली की ती तुमच्या हक्काची. नोकरी सुटल्यावर ३० दिवसांत द्यावीच लागते. त्यांच्या खिशातून बक्षिसी देतायत का?

माझ्याआधी अकरा जण त्या केबिनमध्ये जाऊन, चहा पिऊन, सही करून आले. अकरा! त्यातला एकही पन्नाशीच्या आतला नव्हता, आणि हे आपल्यापैकी कुणाच्या डोक्यात येऊ नये? आता फोनवर म्हणता, आम्हाला कुणी सांगितलंच नाही. विचारलंत कुणाला? एका टेबलावर डबे उघडत होतो ना आपण? भाजी काय आहे ते विचारायचात, आज एचआरने कशाला बोलावलं ते नाही.

मीही नाही विचारलं. दर निरोप समारंभाला पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. अकरातल्या दोघांना तर शाल मीच पांघरली.