माळकरी माणसाचं लिव्हर

गेल्या महिन्यात सांगलीहून दादाचा सोनोग्राफीचा रिपोर्ट आला. लिव्हर 17 सेंटिमीटर, ग्रेड 2 फॅटी, म्हणजे वाढलेलं आणि मध्यम चरबी साठलेलं. घरच्या ग्रुपवर सगळे चिडीचूप. दादा माळकरी, दारू सोडाच, चातुर्मासात कांदा-लसूणही नाही. शेवटी मावशीने विचारलंच, "बाहेर कुठे घेत नव्हता ना रे?"

लिव्हर म्हणजे दारू, हे आपल्याकडे इतकं डोक्यात बसलंय की न पिणारा माणूस रिपोर्ट लपवतो. दारूने लिव्हर वाढतं, खरं आहे. पण हिपॅटायटिसने वाढतं, मलेरियाने वाढतं, हृदय थकलं की रक्त तुंबूनही वाढतं. आणि सुटलेलं पोट, डायबेटिस असेल तर चरबी साठून वाढतं. बरं, ते ओरडतही नाही. उजव्या बरगडीखाली जडपणा, थोडा थकवा, पुष्कळदा तेवढंही नाही. पिवळे डोळे, सुजलेले पाय, पोटात पाणी हे सगळं फार पुढचं.

इथे इंग्लंडात, लेस्टरमध्ये माझ्या डॉक्टरने "आठवड्याला किती युनिट?" असं विचारलं, म्हणजे दारू किती, चहात साखर किती विचारावी तसं. मग टेप काढून कंबर मोजली. आपल्या वंशाच्या माणसाला इथे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 23 पासूनच धोका धरतात, गोऱ्यांना 25. मला हे आवडलं. सोनोग्राफीची तारीख मात्र सात आठवड्यांनंतरची! दादाची दुपारी झाली, संध्याकाळी रिपोर्ट हातात. फक्त तो समजावून सांगायला कुणी बसलं नाही.

ती जागा गुळवेलीच्या काढ्याने घेतली, दादा तो घ्यायला लागला. 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या लिव्हरला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं, तेव्हा आयुष मंत्रालयाचं म्हणणं पडलं की वनस्पती नीट ओळखलीच नाही. ग्रुपवर तो वाद अजून चालू आहे, आयुर्वेदाचा अपमान वगैरे. मला एवढंच कळतं, की बाजारातली पूड कुठल्या वेलीची हे दादालाही सांगता येत नाही, मग आधीच बिघडलेल्या लिव्हरवर ती कशाला?

वजन सात ते दहा टक्के उतरलं तर चरबी आणि सूज दोन्ही ओसरू शकतात, असं मी त्याला फोनवर सांगितलं. गोळी नाही, काढा नाही म्हटल्यावर तो जरा हिरमुसलाच.

"काढा बंद करतो," म्हणाला. "पण एकादशीची साबुदाण्याची खिचडी नाही सोडणार हं."